एकाच प्रोग्रामचे इंटरनेट बंद कसे करावे : विंडोज वापरणाऱ्या नवख्यांसाठी मार्गदर्शन

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे सुरू असतात तेव्हा अडत दुकानातल्या संगणकावर बरीच कामे एकदम चाललेली असतात. शेतकऱ्यांच्या पट्ट्या (मालविक्रीच्या हिशेबाची बिले) निघत असतात, बँकेचे व्यवहार होत असतात, ई-वे बिल तयार होत असते. नेमके तेव्हाच ब्रॉडबँड बंद पडले तर दिवाणजी आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करतात, आणि दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा दुपारच्या आत संपून जातो, कारण कोणी सांगितलेले नसताना एखादा प्रोग्राम पडद्याआड आपली नवी आवृत्ती उतरवून घेत बसलेला असतो. हॉटस्पॉट बंद करावा तर ई-वे बिल अडते आणि चालू ठेवावा तर डेटा जातो. अशा वेळी संगणकाचे इंटरनेट चालू ठेवून त्या एकाच प्रोग्रामची बाहेर जाण्याची वाट बंद करता येते. त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही. विंडोज १० आणि विंडोज ११ यांच्या होम आवृत्तीतसुद्धा ही सोय मुळातच आहे.

डेटा वाचवणे हे त्याचे एकमेव कारण नाही. लग्नपत्रिका छापणाऱ्याला आपला जुळवून ठेवलेला प्रोग्राम ऐन लग्नसराईत आपोआप बदललेला नको असतो, घरच्या संगणकावरील मुलांच्या खेळातून जाहिराती यायला नको असतात, आणि ज्या प्रोग्राममध्ये गिऱ्हाइकांची नावे, पत्ते व येणी नोंदलेली असतात त्याने बाहेर कोणाशी संपर्क ठेवावा हे मालकाला स्वतः ठरवायचे असते. विकतच्या प्रोग्रामचे लायसन्स चुकवण्यासाठी मात्र या लेखाचा आधार घेऊ नये. ते बेकायदेशीर तर आहेच, शिवाय वर्गणीवर चालणारे बहुतेक प्रोग्राम काही दिवस आपल्या सर्व्हरशी बोलता आले नाही तर स्वतःहून बंद पडतात.

फायरवॉल नेमके काय पाहते

ही सोय म्हणजे विंडोजची फायरवॉल, नेटवर्कवरील जोडण्या सोडणारी किंवा अडवणारी यंत्रणा. ती दोन दिशांचा विचार वेगवेगळा करते. बाहेरून आपल्या संगणकाकडे येणारी जोडणी ती सहसा अडवते आणि परवानगी असेल तरच आत घेते. आपल्या संगणकाकडून बाहेर जाणारी जोडणी मात्र ती सहसा सोडते आणि मनाई असेल तरच अडवते. २००४ साली विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर जी फायरवॉल सर्वांच्या संगणकावर आपोआप चालू झाली ती फक्त आत येणाऱ्यांकडे लक्ष ठेवत असे. बाहेर जाणाऱ्यांसाठी नियम करण्याची सोय पुढे विंडोज व्हिस्टामध्ये आली.

नवख्यांची पहिली फसगत इथेच होते. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘अलाऊ ॲन ॲप थ्रू फायरवॉल’ नावाची एक यादी आहे, आणि त्या यादीतील खूण काढली की प्रोग्रामचे इंटरनेट बंद झाले असा समज होतो. ती यादी आत येणाऱ्या जोडण्यांची आहे. तसेच एखादा प्रोग्राम पहिल्यांदा उघडताना विंडोज जी चौकट दाखवते, तिच्यात ‘कॅन्सल’ दाबले तरी अडते ते आत येणारेच. प्रोग्राम बाहेर जाऊन नवी आवृत्ती आणतो, जाहिराती आणतो, माहिती पाठवतो, हे सारे बाहेर जाणाऱ्या जोडण्यांतून होते आणि म्हणून आपल्याला नियम करायचा आहे तो ‘आउटबाउंड’ बाजूला.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. नियम प्रोग्रामच्या नावाला लागत नाही, तर डिस्कवरील एका विशिष्ट फाइलच्या पूर्ण पत्त्याला लागतो. यार्डाच्या नाक्यावर गाडीचा नंबर पाहून गाडी थांबवावी आणि आतला माल कोणाचा हे कोणी विचारू नये, तसा हा प्रकार आहे : तोच माल दुसऱ्या गाडीतून निघाला तर तो अडणार नाही. पुढे ज्या अडचणी सांगितल्या आहेत त्या जवळजवळ सगळ्या याच एका गोष्टीतून उद्भवतात, त्यामुळे नियम करण्याइतकाच, किंबहुना थोडा अधिक वेळ योग्य फाइल शोधण्यावर घालवावा.

आधी फाइल शोधावी

प्रथम कोणता प्रोग्राम डेटा खातो आहे याची खात्री करून घ्यावी. सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या विभागात ‘डेटा युसेज’ हे पान आहे (विंडोज ११ मध्ये ते ‘ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज’च्या आत सापडते) आणि तेथे मागील ३० दिवसांत कोणत्या प्रोग्रामने किती डेटा वापरला ते दिसते. आपला संशय एकावर असतो आणि आकडा दुसऱ्याच्याच नावापुढे मोठा निघतो, असे पुष्कळदा होते.

त्यानंतर तो प्रोग्राम चालू करावा, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, यादीत त्या प्रोग्रामवर राइट क्लिक करावे आणि ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडावे. जे फोल्डर उघडेल त्यात खरी चालणारी फाइल आपोआप निवडलेली दिसते. डेस्कटॉपवरच्या चित्रावरून पत्ता काढण्यापेक्षा ही रीत मला जास्त खात्रीची वाटते, कारण डेस्कटॉपवरील चित्र हा केवळ शॉर्टकट असतो आणि काही प्रोग्रामांचा शॉर्टकट मुख्य फाइलकडे न जाता तिला सुरू करून देणाऱ्या एखाद्या छोट्या फाइलकडे जातो. त्या छोट्या फाइलवर नियम लावला तर मुख्य प्रोग्राम मोकळाच राहतो. फोल्डरच्या वरच्या पट्टीत दिसणारा पत्ता कॉपी करून घ्यावा आणि फाइलचे नाव कागदावर टिपून ठेवावे.

त्याच फोल्डरात आणखी कोणत्या चालणाऱ्या फाइली आहेत तेही पाहून घ्यावे. नावात ‘अपडेट’, ‘अपडेटर’, ‘लाँचर’ किंवा ‘हेल्पर’ असे शब्द असलेल्या फाइली आढळल्या तर त्याही टिपून ठेवाव्यात. नवी आवृत्ती आणण्याचे काम बहुधा त्याच करतात.

नियम करण्याच्या पायऱ्या

या कामासाठी संगणकाच्या ॲडमिनिस्ट्रेटर खात्याचा अधिकार लागतो. दुकानात दिवाणजींचे खाते साधे असेल तर ज्यांच्याकडे ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड आहे त्यांना शेजारी बसवून हे करावे.

विंडोजची कळ आणि आर ही कळ एकत्र दाबावी. डाव्या कोपऱ्यात जी छोटी चौकट उघडते तिच्यात इंग्रजीतील डब्ल्यू आणि एफ ही अक्षरे, मग टिंब, मग एम, एस आणि सी ही अक्षरे मध्ये जागा न सोडता टाइप करून एंटर दाबावे. विंडोजने परवानगी विचारल्यास ‘येस’ म्हणावे. जी खिडकी उघडते तिचे नाव ‘विंडोज डिफेंडर फायरवॉल विथ ॲडव्हान्स्ड सिक्युरिटी’ असे लांबलचक आहे आणि तिचे रूप पाहून नवखा माणूस बिचकतो, परंतु तिच्यातील दोनच जागांशी आपल्याला काम आहे : डावीकडची ‘आउटबाउंड रूल्स’ ही ओळ आणि उजवीकडची ‘न्यू रूल’ ही ओळ.

डावीकडे ‘आउटबाउंड रूल्स’वर क्लिक केल्यावर मधल्या भागात आधीपासून असलेल्या नियमांची मोठी यादी दिसते. तिला हात लावू नये. उजवीकडे ‘न्यू रूल’ निवडावे, मग एकामागून एक पाच पाने येतात. पहिल्या पानावर ‘प्रोग्राम’ हा पर्याय ठेवून पुढे जावे. दुसऱ्या पानावर ‘धिस प्रोग्राम पाथ’ निवडून ‘ब्राउझ’ दाबावे आणि आपण टिपून ठेवलेल्या पत्त्यावर जाऊन ती फाइल निवडावी. शेजारचा ‘ऑल प्रोग्राम्स’ हा पर्याय चुकूनही निवडू नये, अन्यथा सगळ्या संगणकाचेच इंटरनेट बंद होईल. तिसऱ्या पानावर ‘ब्लॉक द कनेक्शन’ निवडावे.

चौथ्या पानावर डोमेन, प्रायव्हेट आणि पब्लिक असे तीन चौकोन असतात. तिन्हींवर खूण राहू द्यावी. विंडोज प्रत्येक नेटवर्कला यांपैकी एका गटात टाकते. दुकानातील वाय-फाय आपण ‘प्रायव्हेट’ केलेले असू शकते आणि मोबाइलचा हॉटस्पॉट बहुधा ‘पब्लिक’ धरला जातो, म्हणून केवळ ‘प्रायव्हेट’वर खूण ठेवली तर ज्या हॉटस्पॉटसाठी हा खटाटोप केला तेथेच नियम लागू होणार नाही.

पाचव्या पानावर नियमाला नाव द्यायचे असते. ‘बंद – फोटोचा प्रोग्राम – मुख्य फाइल’ असे स्पष्ट नाव द्यावे; मराठीत लिहिलेले नाव चालते. आपल्या सर्व नियमांची सुरुवात एकाच शब्दाने केली तर नावांच्या क्रमाने लावलेल्या त्या लांब यादीत ते एका जागी सापडतात. खालच्या ‘डिस्क्रिप्शन’मध्ये नियम कोणी, कधी आणि कशासाठी केला ते लिहावे, कारण सहा महिन्यांनी तो प्रोग्राम का चालत नाही म्हणून दुसराच कोणी डोके धरून बसलेला असतो. ‘फिनिश’ दाबले की नियम लगेच लागू होतो आणि त्याच्यापुढे मनाईचे लाल चिन्ह दिसू लागते. त्याच प्रोग्रामला परवानगी देणारा एखादा साधा नियम यादीत आधीपासून असला तरी मनाईचा नियम त्याला भारी पडतो, त्यामुळे जुना नियम शोधून काढण्याची गरज नाही.

मदतनीस फाइली टिपल्या असतील तर प्रत्येकीसाठी हीच पाच पाने पुन्हा भरावी लागतात. येथे एका नियमात एकच फाइल बसते.

अडले की नाही ते तपासावे

प्रोग्राम पूर्ण बंद करावा. घड्याळाजवळच्या छोट्या चित्रांत तो अजून जिवंत असेल तर तेथूनही ‘एक्झिट’ करावा आणि मग पुन्हा उघडावा. त्याच्या ‘हेल्प’ यादीत नवी आवृत्ती तपासण्याचा पर्याय असेल तर तो दाबून पाहावा. जोडणी होत नाही असा संदेश आला आणि त्याच वेळी ब्राउझरमध्ये एखादे संकेतस्थळ नेहमीसारखे उघडले, तर काम झाले.

याहून पक्की तपासणी ‘रिसोर्स मॉनिटर’मध्ये होते. टास्कबारच्या शोधचौकटीत हे नाव टाइप करून तो उघडावा आणि ‘नेटवर्क’ हे पान निवडावे. तेथे या क्षणी कोणती फाइल नेटवर्क वापरते आहे आणि कोणत्या पत्त्याशी जोडलेली आहे, हे ओळीने दिसते. आपण अडवलेल्या फाइलचे नाव तेथे नाही, पण त्याच कंपनीच्या दुसऱ्या एखाद्या फाइलचे नाव दिसत आहे, असे झाले तर ती निसटलेली गाडी आहे; तिचा पत्ता काढून तिच्यासाठीही नियम करावा.

दुकानातील दुसऱ्या संगणकाशी जोडणी ठेवायची असेल तर

वरील नियम इंटरनेटबरोबर दुकानातील अंतर्गत नेटवर्कही अडवतो, आणि व्यापारी पेठेत हाच प्रश्न जास्त येतो. समजा, पुढच्या टेबलावर दिवाणजी पट्टी काढतात, मागच्या खोलीत दुसरा संगणक आहे आणि त्याच्यावर सगळा हिशेब साठवलेला आहे. पट्टीच्या प्रोग्रामला बाहेर जाऊ द्यायचे नाही, पण मागच्या खोलीपर्यंत जाऊ द्यायचे आहे.

येथे थोडा तपशील पाहावा लागतो. हिशेब मागच्या संगणकावरच्या सामाईक फोल्डरात असेल, तर नियम लावूनही काम बहुधा चालूच राहते, कारण सामाईक फोल्डरची ने-आण तो प्रोग्राम स्वतः करत नाही, विंडोज त्याच्या वतीने करते. छपाईचेही तसेच आहे; विंडोजमध्ये नेहमीच्या रीतीने बसवलेल्या वाय-फाय प्रिंटरकडे कागद धाडण्याचे काम विंडोजची छपाई-सेवा करते, म्हणून हमाली-तोलाई वजा केलेली पट्टी पूर्वीसारखीच छापून येते. मात्र हिशेब मागच्या संगणकावरील डेटाबेस सर्व्हरमध्ये असेल, तर पट्टीचा प्रोग्राम स्वतःच त्याच्याशी जोडणी करतो आणि ती नियमामुळे तुटते. डेटाबेस त्याच संगणकावर असेल तर काळजी नको, कारण संगणकाच्या आतल्या आत होणारी जोडणी ही फायरवॉल अडवत नाही.

जोडणी तुटत असेल तर नियम काढून टाकण्याऐवजी त्याची व्याप्ती कमी करावी. नियमावर दोनदा क्लिक करून ‘स्कोप’ हे पान उघडावे, खालच्या ‘रिमोट आयपी ॲड्रेस’ या भागात ‘दीज आयपी ॲड्रेसेस’ निवडून ‘ॲड’ दाबावे आणि ‘धिस आयपी ॲड्रेस रेंज’मध्ये ‘पासून’ व ‘पर्यंत’ असे आयपी पत्ते (नेटवर्कवरील संगणकांचे आकड्यांतले पत्ते) भरावेत. घरगुती आणि कार्यालयीन नेटवर्कसाठी १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ यांमधले आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते राखून ठेवलेले आहेत. ते वगळून बाकीचे अडवायचे, म्हणून पुढील पाच पल्ले एकेक करून घालावेत :

१.०.०.० ते ९.२५५.२५५.२५५
११.०.०.० ते १२६.२५५.२५५.२५५
१२८.०.०.० ते १७२.१५.२५५.२५५
१७२.३२.०.० ते १९२.१६७.२५५.२५५
१९२.१६९.०.० ते २२३.२५५.२५५.२५५

आकडे अर्थात इंग्रजी कळांनीच टाइप करायचे. एवढ्यावर थांबू नये, कारण हे सगळे जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे पत्ते आहेत. जिओसारख्या मोबाइल नेटवर्कवर नव्या आयपीव्ही६ पद्धतीचा वापर मोठ्या प्रमाणावर होतो आणि वरचे पाचही पल्ले त्या वाटेला स्पर्शसुद्धा करत नाहीत; परिणामी ब्रॉडबँडवर अडलेला प्रोग्राम हॉटस्पॉटवर सुखाने बाहेर पडतो. त्यासाठी पुन्हा ‘ॲड’ दाबून, या खेपेला पल्ल्याऐवजी वरच्या ‘आयपी ॲड्रेस ऑर सबनेट’ या जागेत २०००::/३ असे लिहावे. इंटरनेटवरील सर्वसाधारण आयपीव्ही६ पत्ते या एका ओळीत येतात. मग ‘अप्लाय’ आणि ‘ओके’.

नियम असूनही प्रोग्राम बाहेर जात असेल तर

सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे फाइलचा पत्ता बदलणे. काही प्रोग्राम प्रत्येक नव्या आवृत्तीसाठी आवृत्तीच्या क्रमांकाचे नवे फोल्डर तयार करतात. जुन्या फोल्डराला लावलेला नियम यादीत तसाच लाल दिसत राहतो आणि नवी फाइल मोकळी फिरते. अशा प्रोग्रामच्या बाबतीत अपडेट आणणारी फाइलही अडवणे हाच टिकाऊ उपाय आहे.

मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलेल्या ॲपांचेही असेच होते, शिवाय त्यांचे फोल्डर सहजी उघडतही नाही. त्यांच्यासाठी नियम करताना सुरुवातीला फाइल कोणतीही निवडली नाही तरी चालते, पण मग पहिल्या पानावर ‘कस्टम’ निवडून, प्रोग्रामच्या पानावर ‘ऑल प्रोग्राम्स’ ठेवून, नियम पूर्ण झाल्याबरोबर त्याच्या ‘प्रोग्राम्स अँड सर्व्हिसेस’ या पानावरील ‘ॲप्लिकेशन पॅकेजेस’च्या ‘सेटिंग्ज’मध्ये जाऊन यादीतून ते एक ॲप निवडावे लागते. ही निवड होईपर्यंत सगळ्या संगणकाचे इंटरनेट बंद राहते, म्हणून ऑनलाइन व्यवहार चालू असताना हे काम हाती घेऊ नये.

काही प्रोग्राम आपले पडदे दाखवण्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरचा वेबव्ह्यू२ हा भाग वापरतात. तो स्वतंत्र फाइल म्हणून चालतो, त्यामुळे मुख्य प्रोग्राम अडवला तरी त्याच्यातील जाहिराती दिसत राहतात. आणि वेबव्ह्यू२ च अडवावा तर त्याचा आधार घेणारे इतर प्रोग्रामही लंगडे होतात. जावा या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामांची अडचण याच जातीची आहे, कारण तेथे बाहेर जाणारी फाइल पुष्कळदा जावाची असते. या दोन्ही ठिकाणी फायरवॉलशी झुंजण्यापेक्षा प्रोग्रामच्याच सेटिंगमध्ये अपडेट आणि जाहिराती बंद करण्याचा पर्याय शोधावा हे बरे.

माहिती बाहेर जाऊ नये हा हेतू असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी. प्रोग्राम आपली फाइल ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवत असेल आणि ते फोल्डर वनड्राइव्हला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीला, जोडलेले असेल, तर प्रोग्राम घरात बसून राहतो आणि वनड्राइव्ह ती फाइल उचलून नेतो. अशी फाइल वनड्राइव्हच्या बाहेरच्या फोल्डरात हलवावी.

शेवटचे कारण म्हणजे अँटिव्हायरस. पुण्याच्या क्विक हीलसारख्या कंपन्यांच्या मोठ्या पॅकमध्ये त्यांची स्वतःची फायरवॉल असते, आणि अशी बाहेरची फायरवॉल चालू झाली की विंडोजची फायरवॉल बाजूला सरू शकते. मग तिच्यातील नियम कागदावरच राहतात. ‘विंडोज सिक्युरिटी’मधील ‘फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन’ या पानावर सध्या कारभार कोणाकडे आहे ते कळते. कारभार अँटिव्हायरसकडे असेल तर मनाईचा नियमही त्याच्याच सेटिंगमध्ये करावा.

कोणाला अडवू नये

विंडोजचे स्वतःचे अपडेट आणि अँटिव्हायरस यांना डेटा वाचवण्यासाठी अडवणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. ‘एसव्हीसीहोस्ट’ नावाची फाइल यादीत डेटा खाताना दिसली तरी तिला हात लावू नये. विंडोजच्या अनेक सेवा तिच्यामार्फत चालतात आणि ती अडवली तर संकेतस्थळांची नावे ओळखणेसुद्धा थांबते. टॅलीप्राइममधून थेट ई-इन्व्हॉइस किंवा ई-वे बिल काढत असाल तर टॅलीलाही मोकळे ठेवावे.

मॅक वापरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की मॅकओएसच्या सेटिंगमधील फायरवॉल फक्त आत येणाऱ्या जोडण्या पाहते. तेथे लुलू हा मोफत किंवा लिटल स्निच हा विकतचा प्रोग्राम घ्यावा लागतो. लिनक्सवर ओपनस्निच हेच काम करतो, आणि फ्लॅटपॅक या पद्धतीने बसवलेला प्रोग्राम असेल तर फ्लॅटसील हा प्रोग्राम उघडून ‘नेटवर्क’ची कळ बंद केली की पुरते.

नियम उठवणे

प्रोग्रामची नवी आवृत्ती आपल्यालाच हवी झाली की नियम काढून टाकू नये. त्याच्यावर राइट क्लिक करून ‘डिसेबल रूल’ निवडावे, आवृत्ती उतरवून घ्यावी, फाइलचा पत्ता पूर्वीचाच आहे का ते टास्क मॅनेजरमधून पुन्हा पाहावे आणि मग ‘इनेबल रूल’ करावे. पत्ता बदलला असेल तर नियमाच्या ‘प्रोग्राम्स अँड सर्व्हिसेस’ पानावर नवा पत्ता घालता येतो. ‘डिलीट’ फक्त प्रोग्राम संगणकावरून कायमचा काढल्यावर करावे. नियमांची संख्या वाढू लागली तर त्याच खिडकीतील ‘ॲक्शन’ यादीतून ‘एक्सपोर्ट पॉलिसी’ करून ती फाइल पेन ड्राइव्हवर ठेवावी. परंतु तीच फाइल पुढे ‘इम्पोर्ट’ केली तर त्या वेळचे सगळे नियम पुसले जाऊन जुने नियम त्यांच्या जागी येतात, म्हणून एका संगणकाची फाइल दुसऱ्यावर चढवण्याआधी त्या दुसऱ्या संगणकाच्या नियमांचीही प्रत काढून ठेवावी.